लोक बारीक झालेत, साहेब

मी गटाराबद्दल बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल तुमचा काही चांगला समज व्हायला नको. समोर अडीचशे माणसं, हातात माइक, खिशात पुरावा, पहिल्या रांगेजवळ सख्खी बहीण माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, आणि मी विचारलं, "आमच्या गल्लीतलं गटार कधी साफ होणार?"

माझं काम कापायचं. शिवणाऱ्या बायका वेगळ्या, काजं-बटणंवाल्या वेगळ्या, इस्त्रीवाले वेगळे. मी कटिंग मास्तर. टेबलावर एकावर एक ऐंशी थर कापड पसरायचं, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवायचा, खडूने कडेकडेने रेघ ओढायची आणि मशीन फिरवायचं. एका फेरीत ऐंशी बाह्या. युद्धाच्या आधी आमचा कारखाना शाळांचे गणवेश शिवायचा. निळी पॅन्ट, पांढरा शर्ट, खिशावर शाळेचा बिल्ला. मग युद्ध लागलं. सहा महिन्यांत संपेल म्हणाले होते. आता बारावं वर्ष चालू आहे आणि 'संपेल' हा शब्द आमच्याकडे फक्त दूधवाल्याकडच्या दुधाबद्दल वापरतात.

बारा वर्षं मी सैनिकांचे कपडे कापले. छाती अडतीस, चाळीस, बेचाळीस. सरावाच्या छावणीत असतात त्यांना राखाडी कापड. आघाडीवर जातात त्यांना चिखलाच्या रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं, गुडघ्यावर दुहेरी. कापड बघितलं की माणूस कुठे चाललाय ते मला कळतं. घरच्यांना कळायच्या आधी मला कळतं.

गेल्या वर्षी एक ऑर्डर आली. मालकाने चिठ्ठी टेबलावर टाकली. छाती तीस, छाती एकतीस, छाती बत्तीस. अठराशे जोड. कापड चिखलाचं.

"मालक, हे माप चुकलंय."

"चुकलं नाही. कापा."

"या मापाचा पॅटर्नच नाही आपल्याकडे."

"शोधा की मास्तर. एवढा जुना कारखाना आहे."

शोधला. माळ्यावर होता. धूळ झटकली तर पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'मुले, इयत्ता नववी'.

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पॅटर्न खाली आणला, कापडावर ठेवला आणि खडू हातात घेतला. आता गंमत ऐका. शाळेची पॅन्ट कापताना खाली दुमडीत चार बोटं कापड जास्त सोडायचं, ही आमची रीत. पोरं वाढतात. पुढच्या वर्षी आईने टाके उसवले की पॅन्ट परत घोट्यापर्यंत येते. सैनिकाच्या पॅन्टला असलं काही नसतं, बोटभर दुमड आणि संपलं. पण पॅटर्न शाळेचा होता आणि हाताला सवय शाळेची होती. माझ्या डोक्याने जे कबूल केलं नव्हतं ते हाताने करून टाकलं. अठराशे पॅन्टींना मी चार-चार बोटं जास्त कापड सोडलं.

लष्करी डेपोचा तपासनीस आला. सुकडा, चष्म्याला दोरी बांधलेली. त्याने एक पॅन्ट उलटी केली, दुमड चिमटीत धरली.

"हे काय?"

"दुमड, साहेब."

"एवढी?"

"पोरं वाढतात, साहेब."

तोंडातून गेलं. शिवणाच्या मशीनांचा आवाज एकदम थांबला. तीस बायका, एकीचाही पाय पायडलवर नाही.

"कोण पोरं?" तपासनीस म्हणाला.

मालक हसला. त्याला हसण्याची फार घाई झाली होती. "मास्तरांना जुनी सवय आहे हो शाळेची. हात चालतो त्यांचा, डोकं मागून येतं."

"सैनिक वाढत नसतो," तपासनीस म्हणाला. "उसवा आणि कापून टाका."

आम्ही आठवडाभर तेच केलं. अठराशे पॅन्टी, छत्तीसशे पाय, प्रत्येकाची चार बोटांची पट्टी. पट्ट्यांनी पोती भरली. काजं करणाऱ्या काकू माझ्या शेजारी बसून उसवत होत्या. त्यांना बोलल्याशिवाय काम होत नाही. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत गप्प. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, माझा नातू एकतिसात बसतो हो."

"गप्प बसा काकू," मी म्हणालो. "मालक बघतोय."

मालक बघत नव्हता. जेवायला गेला होता.

माझी बहीण, आमची ताई, मागच्या गल्लीत राहते. तिचा थोरला युद्धाच्या सहाव्या वर्षी गेला. एक चिठ्ठी आली, एक पेटी आली, आणि पेटी उघडायची नाही असा हुकूम आला. धाकटा तेव्हा एवढासा होता. घरात त्याला ठेंगू म्हणतात, कारण तो वाढायचंच विसरला होता. सोळा पूर्ण झाली तरी दाराच्या कडीला टाचा उंच करूनच हात पोचायचा. त्याच्या नावाने कागद आला. 'शिस्त शिबिरासाठी हजर राहावे.' कायदा सांगतो, वीस वर्षांच्या आतल्याला आघाडीवर नेता येत नाही. म्हणून नाव शिबिर.

ताई कागद हातात घेऊन माझ्याकडे आली. "शिबिर म्हणजे काय रे? तू कापतोस ना त्यांचे कपडे. तुला माहीत असेल."

मी सांगितलं. चिखलाचं कापड, नववीचा पॅटर्न, अठराशे जोड. एवढं सांगायला मला तीन आठवडे लागले होते आणि तेही तिने विचारल्यावर.

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "वॉर्डाच्या सभेत सांगशील?"

आमच्याकडे महिन्यातून एकदा वॉर्डाची सभा होते, शाळेच्या हॉलमध्ये. लोक येतात, नळाबद्दल, दिव्याबद्दल भांडतात आणि घरी जातात. पण एक जुना नियम आहे, कुणी तरी पुसायचा विसरलेला. सभेत पन्नास हात वर झाले तर त्या वॉर्डातली भरतीची नावं तीन महिने थांबवून प्रत्येकाचं वय तपासावं लागतं. आजवर पन्नास हात कधी झाले नव्हते. लोक म्हणायचे, शिबिर तर आहे, पोरं शिस्त शिकतील, दोन वेळ जेवतील.

"तू सांगितलंस तर होतील," ताई म्हणाली. "तू कापणारा आहेस. तुझ्यासारखं कुणालाच माहीत नाही."

"सांगतो म्हणजे काय? त्यांच्या तोंडावर चिठ्ठी फेकतो. नाही बोललो तर मामा म्हणवून घेणार नाही."

असा मी. घरात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. लग्नात, मयतात, कोपऱ्यावर, सगळीकडे मी बोलतो, लोक हसतात. ऑर्डरची चिठ्ठी मी मालकाच्या टेबलावरून उचलली. चार दिवस आरशासमोर बोललो. ठेंगू पलंगावर पाय हलवत ऐकायचा.

"मामा, 'आम्ही नागरिक' म्हणतोस तेव्हा पोट आत घे. फार मोठा नागरिक दिसतोस."

सभेच्या दिवशी मंचावर वॉर्डाचे अध्यक्ष, एक लिहून घेणारी बाई आणि भरती अधिकारी. अधिकारी चांगला दिसणारा, मवाळ बोलणारा. ओरडणारा असता तर मला बरं पडलं असतं. दाराशी दोन पोलीस बिस्किटं खात उभे होते. पहिल्या रांगेत आमचा मालक. त्याने मला बघून मान हलवली, रोज हलवतो तशी.

माझं नाव पुकारलं. उठलो. माइक हातात आला. 'आम्ही नागरिक' एवढं म्हणालो, पोटही आत घेतलं. आणि मला दोन गल्ल्या पलीकडचा घड्याळजी आठवला. तो युद्धाच्या आठव्या वर्षी अशाच सभेत उठून म्हणाला होता, हे युद्ध कशासाठी चाललंय ते कुणी तरी सांगा. त्याला नेलं. आठ महिन्यांनी सोडलं. आता तो घड्याळं दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाशी खुणेने बोलतो. मला कुणी धमकी दिली नव्हती. कुणी डोळे वटारले नव्हते. घड्याळजी माझा मीच आठवला, माझी मीच शेपूट घातली.

"आम्ही नागरिक विचारतो, आमच्या गल्लीतलं गटार कधी साफ होणार?"

टाळ्या पडल्या हो! गटार खरंच तुंबलं होतं.

मी बसलो. ताई उठली. तिचं नाव यादीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, बाई, बसा. ती बसली नाही. तिला माइकही दिला नाही कुणी. ती आयुष्यात कधी चार माणसांत मोठ्याने बोललेली नाही. शाळेत फरश्या पुसते, तोच हॉल पुसते, तिथे उभं राहायची सवय तिला फक्त फडका घेऊन.

"माझा एक गेला," ती म्हणाली. "दुसऱ्याला बोलावलंय. तो सोळाचा आहे. तुम्ही शिबिर म्हणता. पण त्या मापाचे आघाडीचे कपडे शिवले जातायत. अठराशे. नववीतल्या पोरांच्या मापाचे. बारा वर्षं झाली, मोठी माणसं संपली का तुमची?"

मागचे दोघे-तिघे दाराकडे बघायला लागले.

अधिकारी पुढे झुकला. "ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या भावाने. तो कापतो ते कपडे. इथेच आहे. विचारा त्याला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मालकाचीही. अधिकाऱ्याने विचारलं, अगदी शांतपणे, "काय हो मास्तर? लहान मापाचे कपडे कापता तुम्ही?"

चिठ्ठी माझ्या वरच्या खिशात होती. दोन बोटांचं अंतर.

"सगळ्याच मापाचे कापतो, साहेब," मी म्हणालो. "काय आहे, महागाईने हल्ली लोकच बारीक झालेत."

हॉल फुटला. काय हसले! मागचे उभे राहून हसले, पोलिसाच्या तोंडातून बिस्किटाचा चुरा उडाला, मालक मांडीवर थाप मारून हसला. भरती अधिकारी हसला आणि मला वाटलं, हा सुटल्यासारखा हसतोय. भीतीने भरलेल्या खोलीला मी खिडकी उघडून दिली होती. सगळे तिच्यातून पळाले. ताई तशीच उभी होती, आणि आता लोक तिच्याकडे बघून हसतायत असं दिसत होतं.

हात मोजले. अकरा. काजंवाल्या काकूंचा होता. घड्याळजीचा होता, मी त्याला तोवर बघितलाच नव्हता, तो शेवटच्या रांगेत हात सरळ वर करून बसला होता. माझा नव्हता.

घरी जाताना ठेंगू माझ्या बरोबरीने चालत होता. म्हणाला, "मामा, भारी मारलास पण. लोक बारीक झालेत!" आणि खरंच हसला. त्याला माझा राग आला असता तर मी ती रात्र झोपलो असतो. ताईने शिव्या दिल्या नाहीत. दारात फक्त म्हणाली, "पायरी सांभाळ, ओली आहे." एवढंच. मी पायरी सांभाळून घरी गेलो.

दहाव्या दिवशी तो गेला.

माझा विनोद मात्र राहिला. वॉर्डभर झाला. पानटपरीवर, न्हाव्याकडे, बसच्या रांगेत. स्टेशनवर पोरांनी भरलेल्या गाड्या दिसायच्या, हेल्मेट नाकापर्यंत आलेलं, आणि कुणी तरी म्हणायचं, काय करणार, लोक बारीक झालेत. आणि बाकीचे हसायचे, आणि नजर दुसरीकडे वळवायला सगळ्यांना कारण मिळायचं. मी नुसतं खोटं बोललो नाही, मी वॉर्डाला एक सोय करून दिली. लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. न्हाव्याने एकदा फुकट दाढी करतो म्हटलं. मी करून घेतली. हेही लिहितो.

पाच महिन्यांनी ठेंगू दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. ताई दुपारी माझ्या घरी आली, हातात त्याची पॅन्ट. "एवढी उसवून दे. वाढलाय तो."

वाढायचंच विसरलेला पोरगा आघाडीवर जाऊन वाढला होता. पॅन्ट घोट्याच्या वर चार बोटं चढत होती म्हणाली. मी ती उलटी केली. चिखलाचं कापड, गुडघ्यावर दुहेरी. दुमडीला बोट लावलं. बोटभर. खाली काही नाही. कसं असणार, मीच छाटलं होतं.

"उसवून काही मिळणार नाही, ताई."

"का? शाळेच्या पॅन्टी तर तू उसवून द्यायचास."

का ते मी सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं वाढणार ते. तुलाही माहीत होतं. आणि तिथे सगळ्यांसमोर मला वेडी केलंस."

ती रडली नाही. ओरडली नाही. मला दुसऱ्या कापडाचा जोड लावून द्यायला सांगितलं. लावला. वेगळा रंग दिसत होता. दुसऱ्या दिवशी तो तीच घालून परत गेला.

पुढच्या सभेला मी यादीत नाव दिलं. विषय विचारला तेव्हा 'गणवेश' सांगितला. लिहिणाऱ्या बाईला वाटलं शाळेचा.

तोच मंच, तोच अधिकारी. माणसं कमी. नववीचा पुठ्ठा मी आदल्या रात्री कापडात गुंडाळून कारखान्यातून आणला होता. मी म्हणालो, "सहा महिन्यांपूर्वी इथे माझ्या बहिणीने खरं सांगितलं आणि मी खोटं बोललो. लोक बारीक झालेले नाहीत. पोरं आहेत ती. नववीच्या पॅटर्नवर मी त्यांचे कपडे कापले. ही चिठ्ठी. हा पुठ्ठा. तुम्ही हसलात, मीच हसवलं. हे युद्ध बारा वर्षं चाललंय कारण आम्ही कापतो, शिवतो, इस्त्री करतो आणि वर विनोद करतो. थांबवा म्हणायला मला उशीर झालाय. तरी म्हणतो, थांबवा."

कुणी हसलं नाही. अधिकारी म्हणाला, "नोंद घेतली. दोन मिनिटं झाली आपली." मालकाने दुसऱ्या दिवशी माझा खडू आणि कात्री दारावरच्या माणसाकडे ठेवून दिली. पोलीस आले, तीन तास बसवलं, चिठ्ठी घेतली, सोडलं. तीन तास! ज्याच्या भीतीने मी भाचा दिला ते तीन तास होतं. घड्याळजीसारखं पुढे काही होईलही. पण तेवढ्यापुरतं सांगतो, त्या बाकावर बसून मला जी लाज वाटली ती त्यांनी मारून वाटली नसती.

ताई सभेला आली नव्हती. मी तिच्या घरी गेलो. ती भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटत होतं ती काही तरी म्हणेल. माणूस किती निर्लज्ज असतो बघा, मला शाबासकी हवी होती.

"हात किती झाले?"

"एकेचाळीस."

"माणसं किती होती?"

"शंभरेक."

"त्या वेळी अडीचशे होती," ती म्हणाली. "खोटं अडीचशेंनी ऐकलं. उरलेल्यांना कोण सांगणार?"

ती पातेलं पालथं घालत म्हणाली, "इथे काय बसलायस मग? ठेंगूच्या वर्गातली नऊ पोरं अजून घरी आहेत. पुढची सभा अठ्ठावीस दिवसांवर आहे."

तेव्हापासून मी दारं वाजवतो. सकाळी सुरुवात करतो, काम नाहीच. काही जण दार उघडून बंद करतात. काही जण ऐकतात आणि इकडेतिकडे बघत म्हणतात, बघू. एका आजीने मला पाणी दिलं आणि काही ऐकूनच घेतलं नाही. काजंवाल्या काकू रविवारी बरोबर येतात, त्या बोलतात तेव्हा बायका दाराबाहेर येतात.

काल पाण्याच्या टाकीजवळच्या घराचं दार वाजवलं. पोट सुटलेला माणूस, बनियनवर. मी ओळखलं. मागे उभा राहून हसणाऱ्यांत हा सगळ्यात मोठ्याने हसला होता. त्यानेही मला ओळखलं आणि तोंड उजळलं त्याचं.

"अरे, तुम्ही! अगं, ये इकडे, बघ कोण आलंय! ते, ते लोक बारीक झालेतवाले!" आणि आठवूनच हसायला लागला, चौकटीला हात टेकवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच्या मागे ओळीने चपला होत्या. त्यात एक जोड शाळेचे बूट.

तो हसायचं थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मान खाली घालून उभं राहायची आता मला सवय झाली आहे.

"बोलवा त्यांना," मी म्हणालो. "दोघांनाही सांगायचंय. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो."